अठरा मिलिग्रॅम

माझं काम लक्ष देण्याचं.
नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात, सव्वीस वर्षं
कागदांवर वाकून बघायचं:
रेघ फुटलीय का, आकडा सरकलाय का.
सापडलं की लाल पेन्सिल.

घरी शाल्मलीचा डबा
तीनदा बसमध्ये राहिला.
चौथ्यांदा माझा हात उठला.
"लक्ष कुठे असतं गं तुझं?"
हा काही प्रश्न नव्हता,
पण तिने गाल चोळत विचार केला
आणि प्रामाणिकपणे सांगितलं,
"बाबा, सगळीकडे."

शरणपूर रोडला डॉक्टर कोठावदे बाई.
त्यांनी शाळेच्या वह्या मागवल्या, मग वजन, मग हृदयाची पट्टी,
घराण्यात कुणाला छातीचं काही, हेही विचारलं.
मी म्हटलं, हिला ब्राह्मीचं तूप देतोय.
त्या हसल्या नाहीत. लिहिलं: अठरा मिलिग्रॅम, सकाळी,
चावायची नाही, फोडायची नाही.
कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली,
मग मला वाचलं,
आणि जाड रजिस्टरात माझं नाव उतरवून घेतलं.
सिन्नरहून आत्याचा फोन,
"लेकराला नशेच्या गोळ्या देतोस?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी
शाल्मली दहाची नोट घेऊन आली.
"बाबा, यावर मागे पंधरा भाषा आहेत. पंधरा.
मी शेवटपर्यंत मोजल्या."
मला काय ते माहीत नव्हतं?
पण शेवटपर्यंत, हा शब्द
तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.
न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

मग डबा परत यायला लागला.
विसरून नाही, भरलेलाच.
चौतीस किलोची साडेएकतीस झाली,
गणवेशाच्या कमरेला पिन आली.
रविवारी मिसळीत आधी तर्री मागणारी ही
आता पावाचे नुसते तुकडे करत बसायची.
रात्री एकला मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज यायचा,
तिला आणि मला, दोघांनाही.
मी तिचं मनगट धरून ठोके मोजायचो.
मोजणं तेवढं येतं मला.

बाई म्हणाल्या, वेळ अलीकडे आणू.
आणि रोज आधी पोळी, मग गोळी.
रविवारी सुट्टी.
उंचीची खूण दाराच्या चौकटीवर, दर महिन्याला.
उंची थांबली तर मला फोन करायचा, आत्याला नाही.

वरच्या मजल्यावरचा बोरस्त्यांचा हर्षद
सीएचा अभ्यास करतो. जिन्यात गाठलं त्याने.
"काका, चारच द्या. परीक्षेपुरत्या. पुण्यात सगळे घेतात."
डोळे लाल, हाताला चहाचा वास.
मी म्हटलं, तुझं हृदय कुणी तपासलंय?
"असं काय करता काका, औषधच तर आहे."
औषधच आहे, म्हणून तर.
त्या रात्रीपासून कपाटाला कुलूप,
आणि झोपायच्या आधी मोजणी.

मोजणी कधी चुकली नाही.
पण मार्चमध्ये कंपासपेटीत कर्कटकाखाली
एक गोळी निघाली, अर्धवट विरघळलेली, जिभेखालून आलेली.
शनिवारची. गंगापूर धरणावर शाळेची सहल होती त्या दिवशीची.
लाल पेन्सिल नव्हती खिशात, बरं झालं.
"का गं?"
"सहलीत मला भूक हवी होती.
आणि मला मी हवी होते, बाबा.
रविवारची."
"आणि सोमवारची?"
"ती गणितं करते. तीही चालते.
पण ती हसते जरा उशिरा."

बाईंना हे सगळं सांगितलं, उशिरा हसण्याचंही.
त्यांनी ते लिहून घेतलं.

आज सोमवार. आधी पोळी.
दोन घास झाले आणि तिसरा हातातच राहिला,
खिडकीबाहेर वायरवर
भिजलेला एक कावळा एकेक पंख झटकत होता,
ती बघत होती, मग मीही बघत बसलो,
एक पंख, मग दुसरा, मग पुन्हा पहिला,
हॉर्न वाजला, गोळी, पाण्याचा घोट, पळापळ,
बस वळणावरून गेली.

डबा माझ्या हातात.