ओला चेंडू

पहाटे साडेपाचला गांधी मैदानात
दस्तगीरमामा बादली घेऊन यायचे.
बादलीत चेंडू, रात्रभर भिजलेला,
शिवणीतून पाणी गळणारा, धोंड्यासारखा जड.
"पावसातला चेंडू कुणी पुसून देत न्हाई,"
म्हणायचे, आणि मारायचे थेट पोटावर.

उजव्या हाताला तीनच बोटं.
उरलेली दोन उद्यमनगरात, प्रेसखाली,
मी जन्मायच्या आदल्या वर्षी.
त्याआधीचे मामा गोलात उभे राहिले
की समोरची पेठ पैजा लावायची थांबायची.

दोन वर्षं मला हातमोजे मिळाले नाहीत.
"आधी तळव्याला कळू दे.
आणि पायाकडं बघू नगोस, कंबरेकडं बघ.
पाय खोटं बोलतोय लेका, कंबर न्हाई."
मी कंबरा बघत हिंडलो:
गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी पिळणाऱ्यांच्या,
गुळाची ढेप उचलणाऱ्या हमालांच्या,
फळ्याकडे वळणाऱ्या मास्तरांच्या.
आई म्हणाली, पोरगं वाया गेलं.

उपांत्य सामना. पेनल्ट्या. आमच्या पाच, त्यांच्या चार.
शेवटची मारायला आला तौफिक,
मामांचा थोरला,
आजोळच्या पेठेकडून खेळणारा.
हलगी थांबली.
मी रेषेबाहेर बघितलं.
एक बोट पुरे होतं. डावं की उजवं, एवढंच.

मामांनी पाठ फिरवली.
गॅलरीकडं तोंड करून उभे राहिले,
तीन बोटांची मूठ मागं बांधलेली,
घामेजलेल्या सदऱ्यावर.
एवढी रुंद पाठ मी कधी बघितली नव्हती.
तिला विचारण्यासारखं काही नव्हतं.
मी वळलो.
कंबर बघितली.

मग पोरांनी उचललं, गुलाल दातांत गेला.
वरून दिसलं:
मामा खाली बसून
तौफिकच्या बुटाची नाडी सोडवत होते,
ओली गाठ, तीन बोटं, सावकाश.
माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.
मीही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत.
नळाखाली बादली मीच भरली.
चेंडू वर येत राहिला,
मी दाबत राहिलो.
सहाला तौफिक आला, अनवाणी.
"अब्बा झोपल्यात अजून," म्हणाला,
जसं काही मीच झोपवलंय.
जरा वेळ दोघंही बादलीत बघत उभे.

मी बारा पावलं मोजली.
हातमोजे खांबाला अडकवले.
"मार," म्हटलं,
"अर्धाच भिजलाय. पण मार."