ओळ नववी

मोहाडीची बाग. नवव्या ओळीला
लाल फीत बांधून मी बजावलं होतं:
हिला फवारणी नाही.
बाकीच्या आठींचं खरं-खोटं हिच्यावरनंच ठरायचं.

आज गेलो तर आठींत कमी-जास्त डावणी,
आणि नववीचं पान न् पान स्वच्छ.
पालथं केलं
तर मोरचुदाची पुसट निळी झाक.

इंदूबाई बोरस्ते घडांकडेच बघत राहिल्या.
"आठींना पाजायचं न् एकीलाच उपाशी ठिवायचं?
रातच्याला राहवलं नाही, सर."

कॉलेजात विभागप्रमुखांनी तक्ता उलटसुलट पाहिला.
"कंट्रोल कुठंय?"

दिंडोरी रस्त्याची धूळ
अजून बुटांवर होती.
कोऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
नववी, इंदूबाईंची.

खोडरबर
त्यांच्याच हातात होता.