पिवळं फडकं

सोमवारी उजाडता उजाडता
प्रज्वल उद्यमबागेतून रात्रपाळी करून येतो
आणि आंघोळीआधी मोबाईल उभा करतो तांब्याला टेकून.
अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र असते.
तोंडाला लोखंडी जाळी लावलेले गडी
एकमेकांवर जातात,
खानापूरच्या रानात गवे जातात तसे.

"डोक्यानं डोक्यावर गेला की फाऊल, काका."
पंच कमरेचं पिवळं फडकं काढून जमिनीवर टाकतो.
वर काचेच्या खोलीत बसलेला असतो एकजण,
त्याला गुणांशी देणंघेणं नाही,
नुसता बघतो कोण लडबडतोय.
त्यानं खाली कळवलं की संपलं.
गड्याला निळ्या राहुटीत नेतात, पडदा ओढतात, विचारतात :
कुठं आहेस? शेवटचा गुण कुणी घेतला?
चुकला, तर हेल्मेट काढून घेतात.
कोट्यवधींचा गडी,
आणि हेल्मेट काढून घेतात.

माझा चहा निवला.

सव्वीस वर्षं मी कडोलीच्या जत्रेत शिट्टी मारली.
रेषेला नियम होता, दमाला होता,
नखं वाढलेल्याला मी बाहेर काढायचो.
डोक्याला नव्हता.
भरमा पावशेचं डोकं आदळलं, तो आवाज
केवढासा होता, दाराची कडी पडावी एवढा.
कुणी कांदा फोडून नाकाशी धरला,
कुणी कळशी ओतली.
"काय होत न्हाई, उठ की बे!"
त्यात माझाही गळा होता.
उठला. उलट्या रेषेकडं चालत गेला.
लोक हसले.
मी शिट्टी मारली.

यंदा देवळातल्या बैठकीत मी फडकं काढलं.
लगेच एकजण : पिवळं का? कुणाचं पिवळं?
आमच्याकडं कापडाला आधी रंग विचारतात, मग काम.
म्हटलं, यल्लम्माच्या भंडाऱ्याचं आहे, घ्या हुंगून.
मग कुणी बोललं नाही.

डॉक्टर गिरिजा होसमनी हुक्केरीहून आल्या,
उसाच्या ट्रॉलीवर खुर्ची टाकून बसल्या,
मांडीवर छत्री.
पहिल्याच दिवशी दोन पोरं आपटली.
त्यांनी विचारलं, कुठं आहेस?
आमचा म्हणाला, बेळगाव.
गोकाकचा म्हणाला, बेळगावी.
माझ्याकडं बघून बाई हसल्या,
दोघांचंही बरोबर धरलं.
पण गोकाकच्याला गुण सांगता येईनात.
त्याला बसवला.
त्याच्या लोकांनी कन्नडात शिव्या घातल्या, आमच्यांनी मराठीत,
सामना रंगात होता ना.
शिव्या मला दोन्हीकडच्या कळतात.

जत्रा उठल्यावर गिरणीत गेलो.
भरमा असतो तिथं, भावाच्या,
पट्टा फिरताना बघत.
एकच गोष्ट दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा
मधेच थांबतो.
विचारू नये ते विचारलं :
भरमा, कुठं आहेस?

बराच वेळ बघत राहिला.
"पंच तुम्ही," म्हणाला. "तुम्हीच सांगा की."

मी खिशात हात घातला.
पीठ सांडलेल्या फरशीवर, एकोणीस वर्षं उशिरा,
फडकं टाकलं.

तो वाकला. उचललं, झटकलं,
घडी घालून माझ्या हातात दिलं.
"पडलं बघा तुमचं."