किटली

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला धुकं
जूनमध्येही उंबऱ्यापर्यंत येतं.
मंगळवारी साडेसातला सेंट ॲनच्या तळघरात
घडीच्या खुर्च्या करकरत उघडतात.
बंदरावरचा भोंगा दर मिनिटाला विचारतो,
आहात का?
आहोत. नऊ जण. कधी सात.
हेडलीची खुर्ची महिनाभर रिकामी आहे,
तिला कोणी हात लावत नाही.

मी एफी. अठरा मोसम खेकडे फोडले कारखान्यात.
मनगट गेलं तेव्हा डॉक्टरने गोळ्या दिल्या,
आणि पास्टर गारलंडने
तेलाचं बोट कपाळावर टेकवून सांगितलं,
दुखणं उरलं, तर विश्वास कमी पडला.
घरी जाऊन मी विश्वास मोजला.
कमीच भरला.
दोन गोळ्या जास्त घेतल्या.

त्याच्याकडे एक निळी वही होती.
बंद दाराआड जे सांगावं ते तिच्यात उतरायचं,
आणि रविवारी व्यासपीठावरून परत यायचं,
नाव न घेता.
साठ उंबऱ्यांच्या गावात
नाव घ्यावं लागत नाही.

तीन रविवार त्याने मला पुढे उभं केलं.
आई पहिल्या बाकावर. तिचे दोन्ही हात वर,
स्तुतीसाठी की शरण आल्यासारखे,
मला अजून कळलेलं नाही.
मी पडले, रडले, लोकांनी उचललं, टाळ्या वाजल्या.
खोटं कशाला सांगू,
त्या टाळ्यांचीही तलफ लागली होती.
सोमवारी अंग मोडून यायचं,
बुधवारपर्यंत कसंतरी निभायचं,
शनिवारी रात्री हात कापायचे.
आधी कुठली गोळी सुटली
ते विचारू नका.

बाबांची बोट विकून चर्चवर नवं छप्पर घातलं.
ते आजतागायत गळलेलं नाही.
काम चांगलं झालंय, मान्य करायला हवं.

इथे भिंतीवरच्या कागदात लिहिलंय,
आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवा.
माझा घसा तिथेच बंद व्हायचा.
सोपवून झालंय एकदा,
पावतीही मिळाली नाही.
म्हातारा सेल्बी, बर्फात दोन बोटं गमावलेला, म्हणाला,
देव जमत नसेल तर किटली धर.
तीस कपांची आहे, तुझ्याहून मोठीच,
आणि आजवर कोणाचं काही
बाहेर बोललेली नाही.
चार महिने मी किटलीची प्रार्थना केली.
हसा खुशाल.
ती उकळायची. तेवढं पुरायचं.

आई आता मला ओळख देत नाही.
पण मार्चमध्ये एकदा पायरीवर पाव होता,
काकवी घातलेला, अजून कोमट,
चर्चच्या पत्रकात गुंडाळलेला.
पाव मी उभ्याउभ्याच खाल्ला.
पत्रक दोन दिवस फ्रीजवर ठेवलं,
मग चुलीत घातलं.
मग राख बघत बसले.

सभा संपताना सगळे हात धरतात
आणि ती प्रार्थना म्हणतात, लहानपणापासूनची.
मी ओठ मिटून उभी.
तिच्यातल्या प्रत्येक शब्दावर
त्याच्या बोटाचं तेल आहे:
बापावर, राज्यावर,
क्षमेवर तर ओघळेपर्यंत.

काल डावीकडे सेल्बीची तीन बोटं,
उजवीकडे नवी पोरगी, टॅम्सिन, एकोणीस वर्षांची,
तिसरा दिवस, तळवा घामाने चिंब.
तिने माझं तेच मनगट आवळलं.
कळ पार खांद्यापर्यंत गेली.
दुखलं.
आणि त्याचा अर्थ
कोणी मला सांगितला नाही.

तेवढ्यात भाकरीची ओळ आली,
आणि तिच्यातला एक शब्द, सगळ्यात लहान,
माझ्या तोंडून निसटला.
आज.
बाकीचे क्षमेकडे गेले.
मी तिथेच थांबले.
बाहेर भोंगा वाजला.

नंतर कप विसळले, किटली पालथी घातली,
खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या.
हेडलीची सोडून.