मुद्दल

त्यांच्या भाषेत विरजण आणि भांडवल
यांना शब्द एकच : खोरोंगो.
आपल्याकडे आनंदावर विरजण पडतं.
तिथे, बुल्गानच्या गवताळ उतारांवर,
ते पडल्याशिवाय आनंदाला सुरुवातच नाही.

डॉ. खुलान पाच उन्हाळे तिथे जात राहिली
बर्फाचा डबा, नळ्या, चिकटपट्ट्या घेऊन.
शिंगरं दोरीला ओळीने बांधलेली,
घोड्यांची धार दर दोन तासांनी,
आणि तंबूत शिरताना डाव्या हाताला
बैलाच्या कातड्याची पखाल, छातीइतकी उंच,
तिच्यात दूध फसफसत असे.
जो आत येईल त्याने आधी रवी धरायची,
ख्यालीखुशाली मागाहून.
त्सेवेलबाईने तिलाही सोडलं नाही :
"नळी नंतर भर. आधी घुसळ."

प्रयोगशाळेत तिने सगळ्यांना वेगळं केलं.
काचेच्या बशीत एकेक ठिपका,
गोल, पांढरट, कडेला किंचित खरबरीत.
आंबट करणारे कितीतरी. फेस आणणारी यीस्ट दोन.
आणि एक असा, जो एकटा वाढेचना;
शेजारी दुसरा ठेवला की दोन दिवसांत बशीभर.
वहीत तिने लिहिलं, 'क्र. ४१, लाजरा',
मग 'लाजरा' खोडलं. शास्त्रात असं लिहीत नाहीत.

जानेवारीत उणे ऐंशीचा फ्रीझर बसला.
सुटा भाग कोरियाहून येणार, म्हणाला दुरुस्तीवाला.
उलानबातरमध्ये बाहेर उणे चौतीस.
अख्खं शहर हिवाळ्याचं मांस गॅलरीत ठेवतं;
तिनेही ठेवलं पाच वर्षांचं काम
मेंढीच्या फऱ्याशेजारी, गोणपाटात गुंडाळून,
वर कावळ्यांसाठी एक वीट.
रात्री उठून थर्मामीटर बघायची.
थंडी ओसरू नये म्हणून जागणारी
त्या इमारतीत ती एकटीच.

मार्चमध्ये त्सेवेलबाईचा फोन.
वणवा नाही, चोरी नाही.
सून नवी, शहरातली. पखालीला वास येतो म्हणून
तिने गरम पाण्याने, साबणाने घासली
आतून बाहेरून. चकचकीत.
"पोरीला बोलले नाही काही," म्हातारी म्हणाली,
"पण सासूच्या सासूपासूनचं मुद्दल गेलं.
तू नेलं होतंस ना थोडं?"

जूनमध्ये खुलान नळ्या घेऊन निघाली.
दोनशे बारांतल्या जिवंत एकोणसाठ.
सहा निवडल्या, धारोष्ण दुधात सोडल्या, आकडे घेतले.
आम्लता बरोबर. अल्कोहोल दीड टक्का, तेही बरोबर.
त्सेवेलबाईने वाडगा दोन्ही हातांनी घेतला,
घोट तोंडात धरला बराच वेळ,
आणि म्हणाली, "चांगलं आहे.
पण याच्याकडे अजून पाहुणे आलेले नाहीत."

खुलान वही उघडून बसली होती. तशीच मिटली.

मग आले ते. टँकरवाला, हातांना डिझेलचा वास.
जनावरांचा डॉक्टर, घाईत.
पलीकडच्या तंबूतली सात वर्षांची मुलगी, रवीहून बुटकी,
मोठ्याने मोजायची, आणि सत्तरनंतर पुन्हा साठ.
सून. तिने सगळ्यांत जास्त घुसळलं,
कुणाकडे न बघता.

ऑगस्टमध्ये पुन्हा नमुना घेतला
तेव्हा सहांचे सतरा झाले होते.
नव्या अकरांतले चार ओळखीचे. बाकीचे कुठून आले,
कुणाच्या बाहीतून, कुठल्या घोडीच्या आचळावरून,
तक्त्यात त्यांच्यापुढे एक आडवी रेघ आहे.

परीक्षकाने विचारलंय :
नमुना दूषित झाला होता का?
उत्तराची मुदत शुक्रवार.
खुलानच्या टेबलावर वाडगा, अर्धा प्यालेला.
कडेला एक बुडबुडा
अजून फुटायचाय.