लिंबू

तिसरी पाळी सुटली की अंबडहून थेट तालमीत येतो.
अंगाला कुलंटचा वास, कानात अजून मशीन.
निवृत्ती वस्ताद नाक मुरडतात :
आधी पाय धू.
मातीला तेल चालतं, तुझ्या कंपनीचं नाही.

तालीम म्हणजे तिवंध्याच्या उतारावरची पत्र्याची खोली.
मारुतीचा कोनाडा, शेंदराने जाड झालेला.
मल्लखांब, ज्याचं बोंड हात लागून लागून काळं पडलंय.
हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबं जिरवलेली माती,
आणि भिंतीवर एका जुन्या पुराची रेघ,
माझ्या छातीला लागणारी.

सहा महिने त्यांनी मला नुसतं पडायला लावलं.
हनुवटी छातीला. श्वास सोडून पड, धरून नको.
मग आषाढात घाटावर नेलं,
पाणी दाखवलं, पण उतरू दिलं नाही.
म्हणाले, दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं
की गंगा कुणाच्या ओळखीची नसते.
भांडू नकोस. तिरपा जा.
हा घाट सोडून दे,
खालच्याला लाग.

पट्टा तिसऱ्या वर्षी हातात आला.
उस्मान शिकलगाराने धार लावून आणला,
फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा.
खोबळ्यात कोपरापर्यंत हात गेला
आणि मनगट नावाची गोष्ट संपली.
आता जे काय करायचं ते खांद्याने.
वस्ताद ओरडायचे : लिहितोयस काय हवेत? मार!

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो.
कॉलेज रोडच्या डॉक्टरने
काहीतरी लांबलचक लिहून दिलंय.
तेजल परदेशी, वय अकरा, सरळ विचारती झाली :
वस्ताद, थंडी वाजतेय का?
तालमीत कुणी हसलं नाही.
वस्तादच हसले.

काल त्यांनी लिंबू घेतलं,
त्याच तळहातावर ठेवलं,
हात पुढे केला.
मार.

मी मशीनवर दोन शतांश मिलिमीटरची चूक
नखाने ओळखतो.
पण हे लिंबू जागेवर नव्हतंच.
ते एकाच वेळी तीन-चार ठिकाणी होतं.
मी डाव्या हाताने खालून त्यांचा हात धरला.
सोड, म्हणाले.
धरून कापायला बायका आहेत की घरात, विळीवर.

सोडला.
उभा राहिलो.
बाहेर कुणीतरी शटर वर केलं, दूधवाल्याची किटली वाजली,
उस्मानभाई दारात विडी न पेटवता थांबले.
मग हळूहळू ते ऐकू आलं,
स्पिंडलचं बेअरिंग जायला लागलं की येतं तसं,
दिसायच्या आधी :
थरथरीला ठेका होता.
तीन छोटे, एक मोठा.
मोठ्याच्या टोकाला हात क्षणभर थकायचा.

पात्याचा आवाज मला नंतर आला.

लिंबाच्या दोन वाट्या झाल्या होत्या.
तळहातावर एक बारीक रेघ, आयुष्यरेषेला समांतर.
लाल नव्हती. नुसती ओली.
वस्तादांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही,
माझ्या खांद्याकडे बघत होते.
उशीर केलास, म्हणाले.

तेजल पुढे आली, हात पसरून :
आता माझ्या हातावर.
माझ्या तोंडून निघालं,
आधी पाय धू,
आणि ते कुणाचं वाक्य होतं
हे कळून मी खोबळा काढत बसलो,
उगाच बराच वेळ.

तिकडे वस्ताद हौद्याच्या काठावर वाकले होते,
एकेक वाटी मातीत पिळत.
थरथरत्या हाताने लिंबू फार चांगलं पिळलं जातं.
बी सुद्धा राहत नाही.