कर्ता वगळावा

कोपरखैरणे, सेक्टर सात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
खाली मशीन कुणाचे तरी दाखले ओकतंय,
वर मी फळ्यावर वाक्याचे तुकडे करते.
इंग्रजीत क्रियापद लवकर उरकून टाकतात, मी सांगते,
आपण ते शेवटपर्यंत मुठीत ठेवतो.

सुग्रीव साबळे, वय एक्केचाळीस,
सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसलेला,
मानेवर कांद्याच्या गोण्यांनी पाडलेला घट्टा,
म्हणाला, म्हणजे मॅडम, आपल्यात
'तुझे पैसे मी उद्या सकाळी नक्की'
इथवर येऊनही माणसाला फिरता येतं.
वर्ग हसला. मी फळा पुसला.
पुसायचं काही कारण नव्हतं.

मग अलंकार.
सिमिलीत लाइक असतं, मेटाफरमध्ये नसतं,
वीस वर्षं हेच सांगत आले, एका दमात.
तो म्हणाला, बाप सांगायचा जुन्या बाजारातलं, तसंच हे.
उपमा म्हणजे ओरडून सांगितलेला भाव.
रूपक म्हणजे रुमालाखालचा :
दोन हात आत जातात, बोटं बोटांशी काहीतरी बोलतात,
बाहेर येईस्तो माल दुसऱ्याचा झालेला असतो.

यामिनी मढवी, घणसोली गावठाणातली,
वहीच्या मागच्या पानांवर भारी शब्द साठवते.
नेव्हरदलेस. कॉन्सिक्वेंटली. इन्सोफार ॲज.
आजोबा मिठागरात ढीग ओढायचे तसा ढीग.
एका परिच्छेदात चार वेळा मोअरओव्हर.
मी समासात लिहिलं, मीठ जास्त झालं.
तिने खाली पेन्सिलीने :
आमच्यात कमी पडलं तरच बोलतात.

इरफाना मुकादमचा प्रश्न पुढच्या बाकावरून :
इट इज गेटिंग डार्क, यातला इट कोण?
कोणी नाही गं. जागा धरून बसलाय.
इंग्रजीला रिकामी खुर्ची बघवत नाही.
आपल्याकडे नुसतं अंधारतं, फटफटतं,
कुणी केलं म्हणून चौकशी होत नाही.
मला गलबलतं,
त्यातही मी कर्ता नसते.

गुरुवारी पॅसिव्ह व्हॉइस.
नियम तिसरा : कर्ता महत्त्वाचा नसेल,
किंवा कोण ते सगळ्यांना ठाऊकच असेल,
तर बाय-बिय लावू नये. वगळावा.
सराव म्हणून रोजच्या कामातली पाच वाक्यं.

सुग्रीवची पाच :
द ट्रक वॉज एम्प्टीड बाय मी.
द सॅक्स वेअर लिफ्टेड बाय मी.
द सॅक्स वेअर काउंटेड बाय शेठ.
द फ्लोअर वॉज स्वेप्ट बाय सोनाबाई.
द टी वॉज ब्रॉट बाय छोटू, रिअल नेम प्रल्हाद.

लाल पेन उघडलं.
नियम माझाच, फळ्यावरचं अक्षरही माझंच.
खाली मशीन थांबलेलं.
पहिल्या बाय मीवर रेघ मारली.
दुसऱ्यावर टोक टेकवलं
आणि तिथेच शाईचा ठिपका मोठा होत गेला.

त्याने वाकून पाहिलं.
ॲक्टिव्हमध्ये करू का? आय लिफ्टेड?
प्रश्न पॅसिव्हचाच असतो, म्हटलं,
आणि हे असं लिहिलंस तर अर्धा मार्क जाईल.
तो जरा वेळ हिशोब करत बसला.
जाऊ द्या, म्हणाला. अर्धाच ना.

साडेनवाला वर्ग सुटला.
जिन्याचा दिवा आठवडाभर गेलेला.
सुग्रीवने वह्यांची पिशवी उचलली, न विचारता,
आणि एकेक पायरी मोजून सांगत पुढे उतरू लागला.

सुग्रीवने पिशवी उचलली.
कर्मणी प्रयोग. मी अंधारात मनातल्या मनात ओळखला.
क्रियापद पिशवीच्या ताब्यात,
तरी सुरुवातीलाच त्याचं नाव,
आणि ते काढायला सांगणारा नियम
निदान या जिन्यात तरी नव्हता.
अकरा, तो म्हणाला. बारा. आता सपाट.